न पाहिलेले बुटके

परीक्षण लिहायचं तर मूळ कलाकृती पाहिलीच पाहिजे, असा नियम निदान आपल्या मुलखात तरी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहिलेले आणि वडा संपताच परस्पर रिक्षा पकडून घरी गेलेले समीक्षक मी माझ्या या डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि नाटकाचा 'शेवट पकड घेत नाही' हे त्यांचं मत पुढच्या रविवारी चहाबरोबर वाचलंही आहे. मी त्यांच्याही एक पाऊल पुढे जाणार आहे. ज्या मालिकेबद्दल मी आज लिहितो आहे तिचा एकही भाग मी पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिलेला नाही. समीक्षकाला ह्याहून सुरक्षित जागा स्वर्गातही मिळायची नाही. "अहो, पण चौथ्या भागात तर..." असं म्हणत कुणी उठून उभं राहण्याची सोयच उरलेली नाही, कारण चौथा भाग उरलेला नाही. पहिला नाही, सहावाही नाही.

मालिका इंग्रजांची. नाव 'द नोम्स ऑफ डलिच'. बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर ती 12 मे 1969 रोजी सुरू झाली आणि 16 जूनला संपली. सहा सोमवार, सहा भाग, की खेळ खलास. डलिच हे दक्षिण लंडनमधलं एक सभ्य उपनगर. त्याच्या स्पेलिंगात मधोमध एक डब्ल्यू आहे, पण तो उच्चारायचा नसतो. आमच्या ब्रँचमधल्या एका साहेबांसारखा तो नुसता हजर असतो. नोम या शब्दातल्या जीचीही तीच तऱ्हा. नोम म्हणजे आपला बुटका. हिमगौरीच्या गोष्टीतले ते सात जण, त्यांच्या भावकीतला. टोकदार लाल टोपी, पांढरी दाढी, गुबगुबीत गाल, हातात मासे धरायचा गळ नाहीतर एका चाकाची ढकलगाडी. इंग्रज माणूस घराभोवती चटईएवढी का होईना बाग करतो आणि तिच्यात हा बुटका उभा करतो. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे बंगल्याच्या हिरवळीवर सिमेंटचे बगळे एका पायावर उभे असतात आणि पालिकेच्या बागेत तोंड वासून 'मला वापरा' म्हणणारा ससा कचऱ्याची वाट पाहत बसलेला असतो. प्रत्येक समाज आपापल्या ऐपतीप्रमाणे बाग बिघडवतो.

तर या बुटक्यांवर एक अख्खी विनोदी मालिका होती. मुख्य पात्रंच बुटके. बागेत उभे राहून ते आपसात बोलायचे, आणि बोलायचे कशावर, तर माणसांच्या जगावर.

हे मला कळलं ते देवळालीमुळे. आता डलिच आणि देवळाली यांचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. मी मूळचा देवळालीचा. आमच्या गावानं महाराष्ट्राला नक्की काय दिलं याबद्दल दुमत असेल, पण इंग्रजी भाषेला मात्र एक शब्द दिला आहे: 'डूलॅली'. म्हणजे डोकं फिरलेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत, आणि उकाड्यानं नि रिकामपणानं त्यांचं डोकं फिरे, त्यावरून. गावाच्या नावाचा शब्दकोशात असा गौरव झालेला माणूस साहजिकच त्या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटतो. वाचता वाचता मला जिमी पेरी हे गृहस्थ भेटले.

पेरी हे बीबीसीचे मोठे विनोदी लेखक. तरुणपणी ते सैन्यात होते आणि महायुद्धानंतर देवळालीच्या छावणीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या नाटक मंडळींत होते. पुढे त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्याबरोबर त्याच अनुभवावर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. 1974 ते 1981, एकूण 56 भाग. तिच्यात आमचं देवळाली आहे. अर्थात ते सगळं इंग्लंडात उभं केलेलं. तिच्यात स्वतःला इंग्रजांहून इंग्रज समजणारा एक रंगी राम नावाचा बेअरर आहे. त्याचं काम केलं मायकेल बेट्स यांनी, तोंडाला तपकिरी रंग फासून. गंमत अशी की हे बेट्स जन्मले आपल्या झाशीत. त्या तपकिरी रंगापायी बीबीसीनं पुढे तिच्या पुनःप्रसारणाबाबत हात आखडता घेतला. मात्र 56 चे 56 भाग शाबूत आहेत. आमच्या बापजाद्यांची साहेबानं केलेली नक्कल सुरक्षित आहे, चिंता नसावी.

पेरींच्या कामांची यादी बघता बघता त्या बुटक्यांवर नजर अडखळली आणि मी तिथंच थांबलो. कारण पेरी हा माणूस भोगलेल्या गोष्टींवर लिहिणारा. लहान वयात होमगार्डात होते, त्यावरून 'डॅड्स आर्मी'. देवळालीला होते, त्यावरून ही वरची. सुट्टीतल्या करमणुकीच्या छावणीत लाल कोट घालून लोकांना हसवायचे, त्यावरून 'हाय-डी-हाय'. तिन्ही गाजल्या. आणि मध्येच हे बुटके, तेही क्रॉफ्टना बरोबर न घेता एकट्यानं लिहिलेले. आता पेरी काही केव्हा बागेत पुतळा होऊन उभे राहिले नव्हते. तेव्हा माझ्यातला समीक्षक लगेच म्हणाला, बघा, अनुभव नसलेल्या विषयाला हात घातला की सहा भागांत गाशा गुंडाळावा लागतो!

हे मत मी दोन दिवस फार प्रेमानं बाळगलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो असताना ते मोडलं. समोर पासबुकं घेतलेली रांग, वर पंखा, पाठीमागे साहेब. मला हलता येत नव्हतं. माझ्या देखत लोक एकमेकांशी घरातल्या भानगडी बोलत होते, जावयाच्या नोकरीपासून सासूच्या मोतीबिंदूपर्यंत, जणू मी तिथं नाहीच. मला मत होतं, पण ते कुणी विचारत नव्हतं. डोक्यावर फक्त लाल टोपी नव्हती. म्हटलं, पेरींना बुटक्यांचा अनुभव नव्हता असं कोण म्हणतं? ज्यानं सैन्यात नोकरी केली त्याला पुतळा होण्याचा अनुभव नाही तर कुणाला!

विनोदाच्या दृष्टीनं ही कल्पना नामी आहे, आणि हे मी आता पूर्ण जबाबदारीनं सांगतो. विनोदी मालिकेचं पोट कशावर भरतं? एकमेकांना सोडून जाता न येणाऱ्या माणसांवर. बाप-लेक एका खोलीत, नवरा-बायको एका संसारात, दोन कारकून एका टेबलावर. यातला कुणीही दार उघडून निघून गेला तर मालिका संपली. म्हणून लेखकाला सारखी कारणं शोधावी लागतात, की हा जात का नाही? बुटक्याच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. तो दगडाचा आहे. त्याला शेजारी आवडत नसला तरी जन्मभर त्याच्याशीच बोलायचं आहे. तुमच्या-आमच्यासारखंच, फक्त आपण ते उघड मान्य करत नाही.

त्यातून पात्रयोजनाही बिनचूक होती. टेरी स्कॉट आणि ह्यू लॉइड ही जोडी तिकडे घरोघरी माहीत झालेली. 1962 पासून त्यांची 'ह्यू अँड आय' चालली होती. स्कॉट अंगानं भरलेले, आवाजानं चढे, सगळं कळत असल्यासारखे. लॉइड बारीक चेहऱ्याचे, पडखाऊ, सगळं सोसत असल्यासारखे. आपल्याकडे लॉरेल-हार्डींना जाड्या-रड्या म्हणतात, तसला मामला. बुटक्यांना नावं ठेवण्याची तसदीसुद्धा पेरींनी घेतली नाही. एकाचं नाव 'बिग', दुसऱ्याचं 'स्मॉल'. मोठा आणि छोटा. बुटक्यांतही एक मोठा असतो आणि तो दुसऱ्याला बुटका समजतो, हे ज्यानं ओळखलं त्यानं कधीतरी सरकारी कचेरीत काम केलं असावं.

टेलिग्राफ रोडवरच्या एका घराची ही बाग. तिच्यातले बुटके अस्सल इंग्रज, दगडाचे. आणि त्यांचे वैरी कोण? त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या बागेतले प्लॅस्टिकचे बुटके. युरोपातून आलेले! इथं जरा तेव्हाचं राजकारण ध्यानात घ्यावं लागतं. इंग्लंड तेव्हा युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरायला धडपडत होता आणि फ्रान्सचे द गॉल त्याला 1963 साली एकदा आणि 1967 साली पुन्हा एकदा दारातून परत पाठवून मोकळे झाले होते. अशा वेळी युरोपचा स्वस्त प्लॅस्टिक माल शेजारी येऊन उभा राहिला, तर दगडाच्या देशभक्ताचं रक्त उसळणारच. उसळण्याजोगं रक्त नसलं तरी. पण इंग्लंडातला बुटका मुळात जर्मनच आहे. 1847 साली सर चार्ल्स आयशम या जमीनदारानं जर्मनीहून भाजक्या मातीचे 21 बुटके आणून नॉर्दॅम्प्टनशरमधल्या आपल्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत मांडले, तिथून ही साथ देशभर पसरली. म्हणजे परक्यांच्या नावानं बोटं मोडणारे हे अस्सल इंग्रज मूळचे बाहेरून आलेले. चार पिढ्यांपूर्वी ज्या गावात आपण आलो तिथं पाचव्या पिढीत नव्यानं येणाऱ्याला 'बाहेरचा' म्हणायचं, ही कला इंग्रजांची मक्तेदारी आहे असं मात्र समजू नये.

पण माझा जीव खरा अडकला तो मालिकेच्या नावात, आणि तिथं माझं बी.कॉम. पहिल्यांदा साहित्याच्या कामी आलं. 1964 साली पौंड गडगडायला लागला तेव्हा जॉर्ज ब्राउन आणि पंतप्रधान विल्सन या लेबर पुढाऱ्यांनी त्याचं खापर स्विस बँकवाल्यांवर फोडलं. त्या बँकवाल्यांना शिवी कुठली मिळाली, तर 'झुरिकचे बुटके'! डोंगराच्या पोटात बसून सोनं मोजणारे ते गोष्टीतले बुटके, आणि तळघरात बसून पौंड विकणारे हे. पौंड काही सावरला नाही. नोव्हेंबर 1967 मध्ये तो 2.80 डॉलरवरून 2.40 वर आणावा लागला. (आपण त्यांच्या आधीच, 6 जून 1966 ला, डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 वर नेऊन ठेवला होता. काही बाबतींत आपण साहेबाच्या पुढे असतो.) त्यानंतर दीड वर्षानं पेरींनी नाव दिलं: 'डलिचचे बुटके'.

मला तरी हे नाव म्हणजेच अख्खी मालिका वाटते. झुरिकचा बुटका नुसता खाकरला तरी एखाद्या देशाचं नाणं घसरतं. डलिचचा बुटका ओरडून ओरडून मेला तरी त्याच्या बागेतली गोगलगायसुद्धा वळून बघत नाही. दोघंही पेशानं बुटकेच. वर्तमानपत्रात छापून येतं ते झुरिकवाल्याचं. आम्हीही बँकवाले, पण आम्ही डलिचचे. गेली वीस वर्षं लोक मला लग्नकार्यात कोपऱ्यात घेऊन "काय हो, व्याजदर कुठं जाणार?" असं विचारतात आणि मीही भुवया आवळून उत्तर देतो, जसा काही मी सकाळीच झुरिकला फोन करून आलो आहे.

आणि योगायोग बघा. 16 जूनला शेवटचा भाग झाला, आणि बरोबर 33 दिवसांनी, 19 जुलै 1969 रोजी, इकडे 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. इंदिराबाईंना बीबीसीनं स्फूर्ती दिली असं मी म्हणत नाही. पण आमच्या धंद्याच्या इतिहासात बुटक्यांना कुठंतरी जागा हवी.

दोष? दोष असणारच. मालिकेला दुसरा हंगाम मिळाला नाही, आणि बीबीसीतले लोक काही मूर्ख नव्हते. परदेशी माणसाच्या थट्टेवर सहा आठवडे काढायचे म्हटलं तर तिसऱ्या आठवड्यात ती आंबते. देवळालीच्या मालिकेत हा आंबूसपणा मी स्वतः चाखला आहे, तेव्हा बुटके त्यातून सुटले असतील असं मला वाटत नाही. शिवाय बीबीसीची पहिली वाहिनी रंगीत झाली नोव्हेंबर 1969 मध्ये. म्हणजे प्रेक्षकांनी ही मालिका पाहिली काळी-पांढरी. बुटक्याची सगळी मिजास त्या लाल टोपीत, आणि ती दिसली करडी! मारुतीला शेंदूर न लावता उत्सव करावा तसं झालं असणार. माझं मत विचाराल तर मालिका बेताची असावी. चांगल्या कल्पनेची, चांगल्या नटांची, बेताची मालिका. सोमवारी रात्री जेवता जेवता बघावी, दोनदा मोठ्यानं हसावं आणि मंगळवारी कचेरीत एखादं वाक्य सांगावं, इतपत.

आणि म्हणूनच ती पुसली गेली. त्या काळी चित्रफीत दोन इंच रुंद असे आणि महाग असे. एकदा वापरलेली फीत पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवायला बंधन होतं. रंगीत टीव्ही आल्यावर काळ्या-पांढऱ्या कार्यक्रमाला परदेशात गिऱ्हाईकही राहिलं नाही. म्हणजे जमेच्या बाजूला शून्य आणि नावे बाजूला एक महागडी फीत अडकलेली. काय जपायचं नि काय नाही याचं रीतसर धोरण बीबीसीनं ठरवलं ते 1978 साली. तोवर कितीतरी गोष्टी गेल्या. खुद्द 'डॅड्स आर्मी'चे त्याच वर्षीचे, 1969 चे, तीन भाग आजही नाहीत. त्याच जुलैत माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्रीचं बीबीसीच्या स्टुडिओतलं चित्रणही बहुतेक सगळं गेलं. बीबीसीचं कशाला, चंद्रावरून आलेल्या चित्रांच्या मूळ फिती नासानंच पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असं 2009 साली नासालाच कबूल करावं लागलं. बुटक्यांना सोबत चांगली होती.

वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, हा हिशेब चोख आहे. त्या टेबलावर मी असतो तर मीही सही केली असती.

असतो तर कशाला, केलेली आहे. बँकेत जुनं रेकॉर्ड मुदत संपली की नष्ट करायचं असतं, त्यासाठी यादी होते आणि यादीवर दोघातिघांच्या सह्या लागतात. 2011 साली आमच्या ब्रँचची जागा बदलली तेव्हा त्यातला एक सही करणारा मी होतो. माळ्यावरून हातानं लिहिलेली लेजरं खाली आली, वीत वीत जाडीची. त्यातल्या एका 1973 सालच्या लेजरात समासात कुणा कारकुनानं निळ्या शाईनं एका साहेबाचं चित्र काढलं होतं. टक्कल, नाकावर चष्मा, आणि खाली अक्षर: 'शिल्लक जुळत नाही'. पुढच्या पानावर तोच साहेब थोडा जास्त वाकलेला. त्याच्या पुढच्या पानावर आणखी वाकलेला. असा तो मार्चअखेरपर्यंत वाकत वाकत जातो आणि 31 मार्चला टेबलाखाली दिसेनासा होतो. फक्त चष्मा टेबलावर. आम्ही सगळी ब्रँच गोळा करून तो पाहिला. इतकं हसलो की शिपायानं आणलेला चहा गार झाला. मग मी यादीवर सही केली आणि लेजरं फाडायला गेली. फोटो काढावा, ते पान कापून ठेवावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. यादीतली नोंद 'लेजर, 1 नग' अशी आहे. यादी मात्र जपून ठेवलेली आहे. तिला मुदत नाही.

आणि याच्या आधीचीही माझी एक सही आहे.

माझे आजोबा देवळाली कॅम्पात सोजिरांच्या कँटीनवर स्टोअरकीपर होते, लढाईच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत. म्हणजे पेरी त्या छावणीत गोऱ्यांना हसवत होते तेव्हा आजोबा तिथंच साबणाच्या वड्या मोजत असणार. दोघांची गाठ पडली होती असं मी म्हणत नाही. पण धंदा एकच होता. पेरी बघून ठेवत होते आम्हाला, आणि आजोबा बघून ठेवत होते त्यांना. आजोबांच्या पोतडीत एक सार्जंट मेजर होता, बोबडं हिंदी बोलणारा. एक बोटीची वाट पाहून डोकं फिरलेला पोरगेला सोजीर होता, तो रोज सकाळी येऊन "स्टोअरबाबू, शिप?" एवढंच विचारायचा आणि आजोबा रोज "टुमारो, साहेब" म्हणायचे. दिवाळीत फराळ झाला की सगळे म्हणायचे, "अण्णा, सोजीर होऊन जाऊ द्या." आणि अण्णा लुंगी सावरून उभे राहायचे.

काका मस्कतला होते. 1986 च्या दिवाळीत त्यांनी टू-इन-वन आणला आणि आजोबांचे सोजीर साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतले. काका हुशार माणूस. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक चकत्या असत. त्या मोडल्या की त्यावर दुसरं काही भरता येत नसे. त्यांनी त्या ताबडतोब मोडून टाकल्या. बीबीसीत एखादा काका हवा होता.

1994 साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी एका लग्नाच्या सिनेमातल्या गाण्यांनी देशाला वेड लावलं होतं, मला रेडिओवरून ती भरून घ्यायची होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या चकतीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे ज्ञान मला वर्गातल्या एका मित्रानं दिलं. दोन्ही बाजू भरल्या. आठवड्यानं ते उघडकीला आलं तेव्हा काकांचा फोन मस्कतहून आला नि तो आईनं माझ्या हातात दिलाच नाही. रागावले नाहीत ते एकटे आजोबा. म्हणाले, "त्यात काय एवढं? मी आहे ना जिवंत! दिवाळीत पुन्हा भरू." त्या दिवाळीत त्यांना दमा होता. पुढच्या दिवाळीत टू-इन-वन बिघडला होता. 1996 च्या दिवाळीला आजोबा नव्हते.

2001 साली 'डॅड्स आर्मी'चे हरवलेले दोन भाग सापडले. कुणीतरी ते फिल्मचे डबे कचऱ्यातून उचलून आणून आपल्या बागेतल्या छपरीत ठेवले होते, गंजलेले. हे वाचल्यापासून मला बुटक्यांबद्दल उगाच आशा वाटते. त्यांचं मूळ घर बागेतच, तेव्हा सापडले तर ते बागेतच सापडतील. लॅम्पोर्ट हॉलच्या त्या 21 बुटक्यांपैकी एक अजून शिल्लक आहे. लॅम्पी त्याचं नाव, आणि त्याचा विमा आहे दहा लाख पौंडांचा. 1969 च्या सहा सोमवारांपैकी एक सोमवार मिळाला तरी मी हे परीक्षण मागे घेऊन नवं लिहायला तयार आहे, आणि त्यात मालिका बेताची निघाली तर मला आनंदच होईल.

मागच्या गणपतीत काका आले होते. आता ऐंशीच्या घरातले. घर आवरताना ती कॅसेट सापडली होती, चिरंजीवांनी कुठूनसा एक जुना टेपही आणला. गाणी वाजली, पोरांनी ती पाठ असल्यासारखी म्हटली. पहिली बाजू संपत आली. शेवटचं गाणं फितीच्या जरा आधीच संपतं. मग खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एकदम हशा फुटला. 1986 चा हशा. दहा-अकरा सेकंद. त्यात आई आहे, मोठी आत्या आहे, मी आहे, पाच वर्षांचा, किंचाळत हसणारा, आणि या सगळ्यांच्या मागे काकांचं ते खोकल्यासारखं हसणं आहे. आजोबा नाहीत. ते हा हशा थांबायची वाट बघत गप्प उभे असणार. त्यांना ते बरोबर कळायचं. तो थांबायच्या आत फीत संपते.

टेपवरच्या हशाबरोबर काकाही हसायला लागले. डोळे पुसले. मी विचारलं, "काका, ह्याच्या आधी ते काय म्हणाले होते?"

काकांनी बराच वेळ विचार केला. "सार्जंट मेजरचं असावं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही रे. नाही आठवत."

आम्ही ती बाजू परत लावली. पुन्हा हसलो. नंतर मी कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि मागच्या कडेवरची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. पिवळी पडून ती प्लॅस्टिकशी इतकी एकजीव झाली होती की पाच-दहा मिनिटं तरी लागली.